बुझीकाठचं गोडं पाणी

आमच्या वसईत मुलगी द्यायची म्हटली की पूर्वी पहिला प्रश्न विहिरीचा असायचा. माझ्या लग्नाच्या वेळी आईने मुलाच्या नोकरीची चौकशी दुसऱ्या फेरीला केली. आधी विचारलं, त्यांच्याकडचं पाणी गोडं आहे का. गोडं म्हणजे साखरेचं नव्हे, खारं नसलेलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि अधेमधे मिठागरं, अशा जागी वाढलेल्या माणसाची जीभ आपोआप तयार होते. घोटभर पाणी तोंडात घ्यायचं, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा. मचूळ, खारं, किंवा गोडं. गोडं म्हटलं की घरच्यांचे चेहरे खुलतात. या एका शब्दापायी समुद्रापलीकडच्या एका गावात काय झालं, ते सांगायला ही पोस्ट लिहितेय.

मी मार्था. विमा कंपनीच्या ऑफिसात काम करते, वसई पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहते आणि स्वभावाने आळशी व स्वप्नाळू आहे. नकाशे उघडायचे, विमानांचे दर बघायचे, उसासा टाकायचा आणि झोपायचं, हा माझा आजवरचा परदेश प्रवास. तो मोडला ग्रेगरीसरांनी. सर शाळेत आम्हाला रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते दहा-बारा जणांचा एक गट चालवतात. कुठे पूर किंवा वादळ आलं की हा गट तिथे पाणी गाळायची साधी साधनं घेऊन जातो. साधन म्हणजे काय, तर एक बादली, तिच्या तळाशी भोक, भोकाला नळी आणि नळीच्या टोकाला मुठीत मावेल एवढा फिल्टर. वीज नको, गॅस नको. रोज एकदा सिरिंजने उलटं पाणी मारलं की अडकलेला गाळ बाहेर पडतो. इतकं सोपं आहे की मलाही जमतं.

मोझांबिकच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येऊन गेलं होतं आणि तिथल्या एका स्थानिक गटाने सरांना बोलावलं. सर मला म्हणाले, नकाशे पुष्कळ पाहिलेस, आता चल. तिसरी आली रजनीताई. ती अर्नाळ्याची, वसईच्या बाजारात मासळी विकते. एका पावसाळ्यात तिच्या गल्लीत समुद्र शिरला होता, तेव्हा गटाने तिथे बादल्या दिल्या. रजनीताईने आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला त्या वापरायला शिकवल्या, आणि जिने शिकायला आळस केला तिला चारचौघांत फैलावर घेतलं. सरांच्या मते असा शिक्षक शोधून सापडत नाही. पासपोर्ट हातात आल्यावर ती तो दोन दिवस मासळीच्या पिशवीतून मिरवत होती. अजूनही त्याला सुक्या जवळ्याचा वास येतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करायच्या. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून मापुटो, तिथून देशातल्या देशात उडणाऱ्या विमानाने बैरा. तिकीट प्रत्येकाने आपापल्या खिशातून काढलं. फिल्टर सामानात नेले आणि बादल्या तिथेच घेतल्या, कारण बादल्या घेऊन आफ्रिकेत जाणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाणं.

बैराला उतरले तेव्हा दोन रात्री नीट झोप नव्हती, त्यामुळे पुढचे काही तास मी नक्की जागी होते की नाही, देव जाणे. भरतीचं पिवळट पाणी, वाळूत कललेल्या होड्या, सुक्या मासळीचा वास, कंपाउंडाबाहेर डोकावणारी आंब्याची आणि काजूची झाडं. आपण खूप लांब आलोय असं वाटायच्या ऐवजी आपण घरीच आलोय आणि कुणीतरी आभाळ उचलून जरा उंच लावलंय असं वाटत होतं. त्यात दुकानातले शब्द ओळखीचे निघायला लागले. बादलीला ते ‘बाल्द’ म्हणतात, साबणाला ‘साबांव’, चावीला ‘शाव’. आमच्या पूर्वजांच्या आणि त्यांच्या माथी एकच पोर्तुगीज राज्यकर्ते आले होते, त्याची ही उरलीसुरली शिल्लक. रजनीताईने टोपलीवाल्या बाईकडे बोट दाखवून ‘पाव’ म्हटलं आणि तिला खरोखरच पाव मिळाला. त्यानंतर तिला आवरणं कठीण झालं. ती प्रत्येक मराठी शब्द एकदा तरी टाकून बघायची. दहांतला एखादा लागायचा, आणि तेवढ्यावर ती दिवसभर खूश असायची.

साध्या खाणावळीत तीनशे मेटिकालमध्ये, म्हणजे आपल्या चारशेच्या आसपास रुपयांत, पोटभर जेवण होतं. शिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. त्याच्यासोबत मासा नाहीतर मतापा, म्हणजे कसाव्याचा (ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो त्या झाडाचा) पाला शेंगदाणे आणि नारळाच्या रसात शिजवून केलेली भाजी. मतापा मी रोज खाल्ली असती. रजनीताईने प्रत्येक पदार्थावर घरून आणलेली सुकटीची चटणी घातली आणि मग तो पदार्थ बरा आहे असा निवाडा दिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही बुझी नदीच्या मुखातून होडीने आत गेलो. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, घड्याळाच्या नाही. जागेसाठी भांडायचं नाही, सावलीच्या बाजूला बसायचं, आणि पाण्यात हात सोडायचा नाही, कारण मगरी आहेत. दोन्ही काठांना खारफुटी, मधेच एखादं मोडून पडलेलं नारळाचं झाड, आणि नदी इतकी रुंद नि इतकी गप्प की होडीतली माणसंही हळूहळू गप्प झाली. मी डोळे मिटले की होडी वसईच्या खाडीतून जायची आणि उघडले की बुझीतून. कितीतरी वेळ मी हा खेळ खेळले. वादळ याच पाण्यावरून आलं होतं हे मनाला पटत नव्हतं.

गावात पोचल्यावर पटलं. शाळेचे पत्रे नव्याने ठोकलेले, घरांच्या कुडांवर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ. आमची राहायची सोय त्याच शाळेत होती. आमच्यासोबत सेलेस्तिना होती. ती बैराची परिचारिका, माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत. तिने अडचण सांगितली. वादळात समुद्राचं पाणी विहिरीत शिरलं होतं आणि विहीर अजून खारी होती. सरांनी मान हलवली. आमचा फिल्टर गाळ आणि जंतू अडवतो, मीठ अडवत नाही. म्हणजे पाणी नदीचंच घ्यायचं. पण नदीतही भरतीला खारं पाणी चढतं, तेव्हा ते कुठून आणि कधी भरायचं हे आधी ठरवायला हवं होतं. आणि खारं-गोडं ठरवायचं तर आमच्याकडे अर्नाळ्याची जीभ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला गावातल्या बायका काठावर जमल्या. कमरेला रंगीत कापुलाना गुंडाळलेल्या, काहींच्या पाठीवर त्याच कापडात बांधलेली मुलं. रजनीताईने आधी विहिरीचं पाणी बोटाने जिभेला लावलं आणि थुंकलं. बायका हसल्या. मग गावाच्या वरच्या अंगाला जाऊन तिने नदीचं पाणी कळशीतून ओंजळीत घेतलं. खरं तर बोट पुरलं असतं. पण ऊन होतं, सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते, आणि पाणी तिला आवडलं. तिने अख्खी ओंजळ पिऊन टाकली, ओठ पुसले आणि आमच्याकडे बघून म्हणाली, ‘गोडं हाय. एकदम गोडं.’

तिचा चेहरा असा खुलला होता की माझाही खुलला. मी सेलेस्तिनाला इंग्रजीत ‘स्वीट’ म्हणून सांगितलं, ती पुटपुटली ‘आग्वा दोस’, पोर्तुगीजमध्येही गोड्या पाण्याला तसंच म्हणतात, आणि मग तिने गावच्या भाषेत सांगितलं. बायकांनी तो शब्द आपसात पुन्हा म्हटला. नंतर सरांनी बादली, नळी, फिल्टर, सिरिंज सगळं नीट करून दाखवलं, रजनीताईने प्रत्येकीकडून करवून घेतलं, घरटी एक बादली दिली. संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून मी नदीवरचा उजेड विझताना बघत होते आणि मला वाटलं, एखादं काम इतकं सुरळीत होतं तर. सुरळीत झालेल्या कामाचा संशय घ्यावा हे मला माहीत नव्हतं.

गावातल्या चौथ्या दिवशी सर, सेलेस्तिना आणि मी घरोघर बघायला निघालो, रजनीताई शाळेतच थांबली. शाळेमागच्या झोपडीत आमेलिया नावाची एक बाई राहायची. नवरा बैराला बंदरात कामाला, घरात ती आणि तिची दोन-अडीच वर्षांची मुलगी लुसिया. आमची बादली दारात टांगलेली होती आणि तिच्यात मक्याचं बियाणं भरलेलं होतं. लुसिया चटईवर पडून होती. डोळे खोल गेलेले. पहाटेपासून तिला जुलाब आणि उलट्या होत होत्या. सेलेस्तिनाने तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती घडी सावकाश मोडली, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं, तसा सेलेस्तिनाचा चेहरा उतरला.

आमेलियाला विचारलं, पाणी कुठलं देतेस. तिने सरळ उत्तर दिलं. नदीचं, पाहुण्या बाईने दाखवलं तिथलं. गाळून का नाही, असं विचारल्यावर ती गोंधळली. गाळायचं ते खराब पाणी ना? हे तर चांगलं आहे. त्या बाईने सगळ्यांसमोर पिऊन दाखवलं, ती हसली आणि चांगलं म्हणाली. आधी आमेलिया नदीचं पाणी उकळून घ्यायची. चांगलं आहे म्हटल्यावर कशाला सरपण जाळायचं, म्हणून तिने उकळणं बंद केलं होतं.

सेलेस्तिना माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात म्हणाली की तिने ‘चवीला छान’ असं सांगितलं होतं. त्यांच्याकडे छान म्हणजे चांगलंच. आमच्याकडे तरी गोडं म्हणजे दुसरं काय असतं? पिढ्यान् पिढ्या आम्ही त्या एका शब्दावर विहिरी खणल्या आणि मुली दिल्या.

लुसियाला होडीने पलीकडच्या आरोग्य केंद्रात न्यायचं ठरलं. ओहोटी होती, होडी चिखलातून ढकलत पाण्यापर्यंत न्यावी लागली. आमेलियाने मुलीला पाठीला न बांधता कुशीत धरलं होतं, आणि सेलेस्तिना चमच्याने साखर-मिठाचं पाणी तिच्या ओठांत सोडत होती. अर्धं बाहेर ओघळत होतं. मी काठावर उभी राहून होडी लहान होत जाताना बघितली. हीच नदी मला स्वप्नातली वाटली होती. मला भयंकर भीती वाटली. ती मुलगी गेली तर आपण इथून कुठलं तोंड घेऊन जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शाळेत परतलो तर रजनीताई भिंतीला पाठ टेकून बसली होती. तिचंही पोट सकाळपासून बिघडलेलं होतं. बिचारीने लाजेने कुणाला सांगितलं नव्हतं, चारदा शेताकडे जाऊन आली होती. सर घाबरले. तिला औषध दिलं, साखर-मिठाचं पाणी दिलं, आणि मग म्हणाले की ही गोष्ट गावात न बोललेली बरी. पाणी शुद्ध करायला आलेलेच आजारी पडले असं झालं, तर लोक बादल्यांत बियाणंच भरतील. सरांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. मीही मान डोलावली.

रजनीताईने नाही डोलावली. लुसियाचं सगळं तिला मी सांगितलं होतं. ती भिंतीचा आधार घेत उठली. मग म्हणाली, ‘त्यांनी मना पिताना बघितलं ना? मंग आता पडलेली पन बघू दे.’

दुपारी तिने बायकांना बोलवायला लावलं. सेलेस्तिना लुसियाबरोबर गेलेली, तेव्हा पोर्तुगीज येणाऱ्या शाळेच्या शिक्षिकेला पुढे केलं आणि मी मोबाइलवरच्या भाषांतराची मदत घेत घेत तिला समजावलं. तेवढ्यात दोनदा रजनीताईला उठून जावं लागलं आणि दोन्ही वेळा सगळ्या बायकांनी ते बघितलं. मासळीबाजारात जिच्यासमोर भाव पाडायची कुणाची छाती होत नाही, ती बाई लुगड्याचा पदर पोटावर दाबून परक्या गावात उभी होती.

ती म्हणाली, ‘जीभ मीठ वळखते. रोग नाय वळखत. मी जिभेवर गेले नि चुकले. ती पोर माझ्यामुलं पडली.’

मी ते बोलणं इंग्रजीत फोनवर टाकलं, फोनने पोर्तुगीज केलं, शिक्षिकेने गावच्या भाषेत सांगितलं. शेवटचं वाक्य वगळावं असं मला क्षणभर वाटलं. पण रजनीताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी वगळलं नाही. एक म्हातारी उठली, घरी गेली आणि तिची बादली घेऊन आली. आत कांदे होते. तिने ते कापुलान्यात ओतले आणि बादली सरांसमोर ठेवली, पुन्हा दाखवा म्हणून.

लुसिया दोन दिवस सलाईनवर होती. या दोन दिवसांचं वर्णन करण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. आम्ही घरोघर फिरत होतो, सिरिंज मारायला शिकवत होतो आणि कुठे इंजिनाचा आवाज आला की तिघंही काठाकडे बघत होतो. रजनीताई रोज माळ जपणाऱ्या मला म्हणाली, तुझ्या चर्चातल्या मायला सांग, मी आमच्या एकवीरेला सांगते, जिला आधी ऐकू येईल तिला येऊ दे. मला वाटतं दोघींनाही ऐकू आलं असावं. तिसऱ्या दिवशी भरतीला होडी आली आणि लुसिया आमेलियाच्या पाठीला बांधलेली होती. मान टाकून झोपली होती, पण मधेच तिने मूठ वळून डोळे चोळले. रजनीताई काठावरच रडली. मीही रडले. सरांनी चष्मा पुसला आणि बादल्या मोजायच्या राहिल्यात असं काहीतरी म्हणाले.

आमेलिया होडीतून उतरली. घरी गेली, बादलीतलं बियाणं काढलं, ती धुतली, नदीचं पाणी भरून टांगली आणि नळीतून थेंब थेंब गळणारं पाणी मगात धरत बसली. मग तो मग घेऊन शाळेत आली आणि रजनीताईसमोर धरला. रजनीताईचं पोट नुकतंच ठिकाणावर आलं होतं. मी काही बोलणार तेवढ्यात तिने मग घेतला आणि सगळा प्याली. या वेळी ना डोळे बारीक केले ना चव सांगितली. रिकामा मग परत दिला. आमेलिया तो घेऊन गेली. तिने लुसियाला त्या दिवशी ते पाणी दिलं नाही, केंद्रातून आणलेली बाटलीच पाजली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती शाळेच्या दारात उभी होती. रजनीताई अंथरुणातून उठली, केस बांधले, दात घासले, चहा प्याली, शेताकडे म्हणून कुठे गेली नाही. आमेलियाने हे सगळं शांतपणे बघून घेतलं. मग घरी जाऊन तिने लुसियाला गाळलेलं पाणी पाजलं. आम्ही लांबून बघितलं, जवळ गेलो नाही.

परतीचा प्रवास उलट्या क्रमाने. होडी, बैरा, मापुटो, अदिस, मुंबई, आणि वसईला घरी येऊन मी सोळा तास झोपले. उठल्यावर खिडकीतून चिंचेचं झाड दिसलं आणि बुझीचा काठ कुठे गेला ते कळेना. अजूनही दुपारी ऑफिसात डोळा लागला तर ती नदी येते, तशीच रुंद आणि गप्प. मला ती अजून सुंदरच दिसते, याचं मला कधीकधी वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कुणाला असं जायचं असेल तर जरूर जा, पण स्वतःला एक प्रश्न विचारून जा. मी विचारते तो असा, की आम्ही गेलो नसतो तर लुसिया आजारी पडली असती का? उत्तर दोन्हीकडे जातं. गावात आता बादल्या चालू आहेत, हे खरं. तिची आई आधी पाणी उकळत होती, हेही खरं. सर म्हणतात पुढच्या वेळी आपण फक्त फिल्टर पाठवू आणि शिकवायचं काम सेलेस्तिनासारखी तिथलीच माणसं करतील. मला ते पटतं. माझ्या नकाशांचं काय होईल ते होवो.

दीड महिन्याने सेलेस्तिनाचा आवाजी निरोप आला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर मी तो घेऊन अर्नाळ्याला गेले. रजनीताई किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. निरोपात आधी एका लहान मुलीचा आवाज होता, काहीतरी मागत किरकिर करणारा, चांगला खणखणीत. मग सेलेस्तिनाने सांगितलं की लुसिया बरी आहे, बादली रोज चालते, आणि आमेलियाने एक गोष्ट विचारायला सांगितली आहे. त्या मासेवाल्या बाईचं पोट आता कसं आहे?

मी मराठीत सांगितलं. रजनीताईने हात पदराला पुसले, फोन स्वतःच्या हातात घेतला आणि पुन्हा लाव म्हणाली. पोरीची किरकिर तिने तीनदा ऐकली. मग फोन तोंडाजवळ धरून आपल्या भाषेत बोलली, ‘आमेलिया, माझं पोट बरं हाय गो. आता बरं हाय.’

तिने फोन माझ्याकडे दिला, पाठ फिरवली आणि बोंबील घालायला लागली. मी तो निरोप भाषांतर न करता तसाच पाठवून दिला.